रिकामी फेरी

बाबा अकोल्यात मिलमध्ये पोचले की मला अमरावतीत कळायचं. फोन करून नव्हे, फोनचं आणि त्यांचं कधी जमलंच नाही. माझ्या मोबाइलवर एक रेघ असायची, तळाला पडून राहिलेली. सकाळी ती जराशी उचलायची, एक लहानसा उंचवटा करून पुन्हा खाली बसायची आणि मग सरळ वर चढून दिवसभर थरथरत राहायची. तो उंचवटा दिसला की मी चहा टाकायचे. बाबा आले, कामाला लागले, म्हणजे बरे आहेत.

मी ज्या कंपनीत आहे ती मिलच्या यंत्रांना सेन्सर बसवते. बेअरिंग किती तापलं, मोटार किती करंट ओढते, मशीन किती हादरते हे सेन्सर मोजतात. सिमकार्ड घातलेल्या एका डब्यातून ते आकडे आमच्याकडे येतात आणि आमच्याकडून मालकाच्या मोबाइलवर जातात. अकोल्याच्या डाळ मिला, दर्यापूरकडच्या कापसाच्या जिनिंग, अंजनगावचं एक कोल्ड स्टोरेज, हे सगळं मी अमरावतीत बसून बघते. कुठं काही प्रमाणाबाहेर तापलं की मोबाइल केकाटतो आणि मी तिथल्या माणसाला फोन लावते. मालक लोकांना बेअरिंगचं फारसं सोयरसुतक नसतं. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला ‘ही बघा, आपली मिल चालू आहे’ म्हणून मोबाइल दाखवता आला की त्यांचे पैसे वसूल. आम्हीही तेच सांगून गिऱ्हाईक पटवतो, उगाच खोटं कशाला बोलू.

बाबा एका डाळ मिलमध्ये मिस्तरी होते. पट्टे, रोल, चाळण्या, माल वर चढवणारा एलिव्हेटर, सगळं त्यांच्या हाताखाली. त्या मिलचं काम आमच्याकडे आलं तेव्हा सेन्सर लावायला मीच गेले. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून बघत उभे होते.

“म्हंजे आता तू माह्यावर पाहारा ठेवशील.”

“तुमच्यावर नाही बाबा, मोटारीवर.”

“उंटावरून शेळ्या हाकनं म्हंतेत त्याले,” ते म्हणाले. पण माझी शिडी दिवसभर त्यांनीच धरून ठेवली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी मी त्यांना मोबाइलवर एलिव्हेटरच्या मोटारीची रेघ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती जवळून पाहिली. बटण दाबल्याबरोबर अमरावतीत दिसतं का, असं विचारलं. मी हो म्हणाले. “लगेच?” लगेच, मी म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. दिवसभराच्या धुळीनं त्यांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी आई गेली.

आई होती तोवर फोन म्हणजे आई. मी फोन केला की तीच उचलायची. स्वयंपाक, शेजारीण, विहारातल्या बायका, सगळं सांगून झालं की शेवटी म्हणायची, “तुहे बाबा बरे हायेत, इथंच बसून हायेत, बोलतं का?” आणि मागून बाबांचा आवाज यायचा, “काय बोलू? तू बोलली ना.” आमच्या घरात बाप-लेकीचं बोलणं असं आईच्या तोंडून चालायचं. ती गेल्यावर फोनच्या दोन टोकांना आम्ही दोघंच उरलो आणि आमच्या लक्षात आलं, की आम्हाला एकमेकांशी बोलताच येत नाही. मी विचारायचे, “जेवले का?” ते म्हणायचे, “हाव.” मग दोघांचे श्वास ऐकू यायचे. मग ते फोन ठेवून द्यायचे.

मी त्यांना अमरावतीला या म्हणाले. एकदा नाही, दहादा म्हणाले, चिडून म्हणाले. “तिथं येऊन काय करू? तुमच्या तिसऱ्या माळ्यावर कबुतरं मोजू?” हे त्यांचं उत्तर ठरलेलं. मिलचा मालक त्यांना सोडायला तयार नव्हता आणि ते मिल सोडायला तयार नव्हते. मी हात टेकले.

तेव्हाच कधीतरी रेघेवर तो उंचवटा दिसायला लागला. आधी तो नव्हता. आधी सकाळी रेघ सरळ वर चढायची. आता बाबा आधी एलिव्हेटर रिकामा फिरवायचे, थांबवायचे आणि मग माल सोडून मिल चालू करायचे. ही रिकामी फेरी रोज असायची. माझ्या साहेबांच्याही ती नजरेत आली. “हा माणूस रोज मोटार एकदा फुकट का चालू करतो? विचार जरा.” मी बाबांना विचारलं. “पट्टा नीट बसते त्यानं,” ते म्हणाले. मी साहेबांना सांगितलं, जुन्या माणसांची सवय आहे, जाऊ द्या.

पण मला ती फेरी म्हणजे सकाळचा ‘जय भीम’ वाटायला लागली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. हसला असता. पट्टा नीट बसावा म्हणून कोणी मोटार फिरवतं आणि इकडे त्याची लेक चहाचा कप हातात धरून स्वतःशीच म्हणते, ‘जय भीम, बाबा.’ असं दोन वर्षं चाललं. फोनवर आम्ही पूर्वीइतकेच मुके राहिलो, पण मला त्याचं वाईट वाटेनासं झालं. सकाळी बाबा दिसत होते ना.

मग मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पलंगावरून उठायचं नाही, प्रवासाचं तर नावच काढायचं नाही, अशी तंबी दिली. बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग हालू नोको. बिलकुल हालू नोको.” एवढं काळजीनं आईनंतर ते पहिल्यांदाच बोलले असतील. मी घरी पलंगावर पडून काम करायला लागले. उशाशी मोबाइल, पोटाशी तक्क्या आणि डोळ्यापुढे वऱ्हाडभरच्या मोटारी.

एप्रिलच्या सुरुवातीला एकदा फोनवर त्यांना खोकला आला तो थांबेचना. मी विचारलं. “धूळ हाय,” ते म्हणाले. धूळ तर कायमचीच. तुरीचा हंगाम, मिल जोरात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा लवकरच मोबाइल उघडून बसले. रेघ उचलली, उंचवटा झाला, खाली बसली, वर चढली. माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्याही पुढच्या दिवशी तसंच. मग मी खोकल्याचं विसरूनही गेले.

चौदा एप्रिलला सकाळी नवऱ्यानं मला पांढरी साडी नेसवली म्हणायची, कारण वाकता येत नव्हतं. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. खाली रस्त्यावर सकाळीच ढोल सुरू झाले होते. मी पलंगावर येऊन टेकले आणि सवयीनं मोबाइल उघडला.

रेघ उचलली. उंचवटा झाला. खाली बसली. वर चढली.

मी हसले सुद्धा, आधी. मग आजची तारीख आठवली.

बाबा चौदा एप्रिलला मिलमध्ये जात नाहीत. मी जन्मल्यापासून कधी गेलेले नाहीत. हंगाम असो, मालकाच्या घरचं लग्न असो, त्या दिवशी पांढरा सदरा घालून ते विहारात जाणार आणि संध्याकाळी मिरवणुकीत चालणार. त्या दिवशी मिल चालू करतो तो त्यांच्या हाताखालचा माणूस, आणि तो सरळ माल सोडून चालू करतो. आदल्या वर्षीही तशीच केली होती, सरळ. मी पाहिलं होतं. मग आज रिकामी फेरी कोणी फिरवली? आणि आज बाबांची फेरी दुसरा कोणी फिरवत असेल, तर काल कोण फिरवत होतं? परवा कोण?

मी त्या माणसाला फोन लावला. त्याला मी भाऊ म्हणते. शहराबाहेर त्यांचा मळा आहे, घरचे सगळे फुलं आणि भाजी पिकवतात, तो एकटा मिलमध्ये येतो. दर चौदा एप्रिलला तो मळ्यातल्या झेंडूचा हार बाबांच्या हाती आणून द्यायचा, बाबासाहेबांना घालायला. फोन उचलून तो नेहमीसारखं “हाव, बोला ताई” म्हणाला.

“भाऊ, बाबा कुठं हायेत?”

मागे मिलचा आवाज ऐकू येत होता.

“भाऊ, खोटं बोलू नोका. आज चौदा तारीख हाय.”

“दवाखान्यात हायेत ताई,” तो म्हणाला आणि रडायलाच लागला.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं नाही, कारण त्यांनी काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. नवऱ्यानं मागच्या सीटवर गादी टाकली आणि गाडी इतकी हळू चालवली, की बडनेरा यायलाच युग लोटलं असं वाटलं. मूर्तिजापुरात मिरवणुकीनं रस्ता अडला. निळे झेंडे, गुलालाऐवजी निळा रंग उडालेला, माणसं बेभान होऊन नाचत होती. माझं पोट आणि पांढरी साडी पाहून दोन बायांनी गाडीच्या खिडकीतून सरबताचे ग्लास आत दिले, “जय भीम ताई, घे, ऊन लय हाय” म्हणाल्या. दर वर्षी याच दिवशी माझ्या अंगावर रोमांच येतात. त्या दिवशी मला सगळ्या दुनियेचा राग आला. आज कोणी नाचतं कसं, असं वाटलं. मग त्याच बायांनी पुढे होऊन पोरांना बाजूला सारलं आणि आमच्या गाडीला वाट करून दिली.

बाबा दवाखान्याच्या जनरल वॉर्डात होते. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. उशाशी स्टुलावर झेंडूचा ताजा हार, बाबासाहेबांच्या छोट्या फोटोला घातलेला. भाऊ पायाशी उभा होता, मिल दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आला होता. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कित्येक वर्षांच्या धुळीनं आधीच गेलेली आहेत, त्यात न्यूमोनिया. त्या मिलमध्ये एकही बेअरिंग मी सेन्सरशिवाय सोडलं नव्हतं. माझ्या बापाच्या छातीला हात लावून बघायला कोणी नव्हतं. तिथं उभ्या उभ्या मला माझ्या धंद्याची शिसारी आली, आणि ते इथं लिहितानाही मी काही कमी करून सांगत नाही.

बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मास्क खाली ओढला.

“तू काहून आली?”

“तुमी काहून नाही सांगितलं?”

“तुले हालू नोको म्हनलं होतं ना डॉक्टरनं?” एवढ्या बोलण्यानं त्यांना धाप लागली. मग त्यांनी भाऊकडे मान वळवली. “तू सांगितलं हिले?”

“नाई मिस्तरी. आईशप्पथ नाई.”

“मशीननं सांगितलं,” मी म्हणाले. “आज चौदा एप्रिल हाय बाबा. आज तुमी मिलमंधी कसे असान?”

बाबांनी भाऊकडे पाहिलं. “गड्या, आजच्या दिवशी तरी सुट्टी द्याची होती मले,” ते म्हणाले आणि हसायला लागले. हसताना खोकला आला, खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं. नर्सनं येऊन मास्क वर चढवला आणि आम्हाला दोघांना बाहेर काढलं.

बाहेर बाकड्यावर बसून भाऊनं सगळं सांगितलं. बाबांना आठवड्याभरापूर्वी मिलमध्येच घेरी आली. दवाखान्यात नेताना ते रिक्षात एकच सांगत होते, सकाळी पयले एलिव्हेटर रिकामा फिरवजो, मंग माल सोडजो. रोज. चुकजो नोको. “मी म्हनलं, मिस्तरी, मशीनले त्याची काही गरज नाही. तर म्हने, मशीनले नाही रे. पोरगी पाह्यते तिकडून. तिले वाटलं पायजे मी हाओ.” भाऊनं रुमालानं तोंड पुसलं. “आज चौदा तारीख हाय हे ध्यानात होतं ताई. हार बी देऊन आलो इथं. पन बटनापाशी गेलो अन हात तसाच चालला.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पट्टा नीट बसण्यासाठी वगैरे काही नव्हतं. दोन वर्षं रोज सकाळी बाबा मलाच सांगत होते, आणि मी ऐकते आहे हेही त्यांना माहीत होतं. मला भाऊचा राग यायला हवा होता, बाबांचा तर यायलाच हवा होता. आधी आलाही. आठवडाभर माझा बाप इथं एकटा पडला होता आणि मी तिकडे चहा पीत रेघ बघत होते. पण ज्या माणसाला लेकीशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत, त्यानं ऑक्सिजन लागलेला असताना तिची सकाळ सांभाळली, यावर रागावून जाणार तरी कुठं?

नर्सनं पुन्हा आत सोडलं तेव्हा मी बाबांचा हात धरला. असा हात मी शेवटचा कधी धरला होता ते मला आठवत नाही.

“हे मशीनचं आता बंद,” मी म्हणाले. “रोज सकाळी फोन करायचा. तुमी करायचा.”

“काय बोलू?”

“काही बी बोला. एवढा ऑक्सिजन देऊन राहिले, बोलनं बी येइन.”

त्यांनी मान हलवली. मग बोटानं दाराकडे दाखवलं, म्हणजे जा आता, आणि पलंगावर जाऊन पड. मी संध्याकाळी परत निघाले, कारण डॉक्टर म्हणाले की सुधारतायत आणि कारण मी गेल्याशिवाय बाबा डोळे मिटायला तयार नव्हते. पोट ओढून आलं होतं. अमरावतीला डॉक्टरीणबाईंनी मला जे ऐकवलं ते मी निमूट ऐकून घेतलं. भाऊला मी सांगितलं होतं, त्यामुळे दुसऱ्या सकाळपासून मिलची रेघ सरळ वर चढायला लागली. आणि दुसऱ्या सकाळपासून बाबांचा फोन यायला लागला.

पहिल्या दिवशी, “झोपली का रात्री? जेवजो,” आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. तिसऱ्या दिवशी ते वॉर्डातल्या जेवणावर घसरले. “डाळ जुनी हाय. पॉलिश मारून खपवून राहिले लेकाचे.” शेजारच्या खाटेवर भातकुलीकडचा एक म्हातारा होता, तो दिवसभर सोयाबीनवर बोलून डोकं खातो म्हणून तक्रार. मी हसले तर त्यांना जोर आला. मास्क काढून बोलतात म्हणून मागून नर्स ओरडायची, तेही ऐकू यायचं. एक दिवस त्यांनी मी जन्मले तेव्हाची गोष्ट सांगितली. आईनं ती मला कधी सांगितली नव्हती. निरोप मिळाल्यावर ते मिलमधून तसेच धावत दवाखान्यात गेले, नखशिखांत धुळीनं माखलेले. नर्सनं पोर हातात द्यायला साफ नकार दिला. मग त्यांनी दवाखान्याच्या आवारातल्या नळाखाली कपड्यांसकट अंघोळ केली. “वल्ले कपडे अंगावर, अन थंडी अशी! तरी नर्स म्हने, लांबून पाहा. मंग तुही आई तिच्यावर वरडली.” बोलता बोलता त्यांना धाप लागली आणि मी म्हणाले, बाबा, उरलेलं उद्या सांगा. ते बरं म्हणाले आणि फोन बंद झाला. निरोप घ्यायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. बोलणं संपलं की फोन बंद, मग समोरच्याचं वाक्य अर्धं राहो की पूर्ण.

एवढ्या थोड्या सकाळींमध्ये मी माझ्या बापाशी जितकं बोलले तितकं उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. ते वाचतील असं मला खरंच वाटायला लागलं होतं. मी बाळासाठी नावं काढून ठेवली होती, ती त्यांना विचारायची होती.

बाबा एका दुपारी गेले. भाऊ जवळ होता. मी पोचले तेव्हा विहारातली माणसं जमली होती आणि बाबांना पांढरा सदरा घालून झाला होता. मला गाडीतच बसा म्हणत होते सगळे, मी ऐकलं नाही. पंचशील होईस्तोवर उभी राहिले. महिन्याभरानं बाळ नीट झालं, मुलगी आहे, हे सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

बाबा गेले त्या दिवशी सकाळीही त्यांचा फोन आला होता. आवाज खोल गेला होता, पण भाऊनं केळी आणली ती खाल्ली म्हणाले. बाळ हालते का, असं विचारलं. हालते, मी म्हणाले, आज लय लाथा मारून राहिलं. “लात मारली तर चांगलं राह्यते,” ते म्हणाले. तेवढ्यात माझ्या कानाशी मोबाइल केकाटायला लागला. अंजनगावच्या कोल्ड स्टोरेजचा अलार्म होता.

“काय वाजून राहिलं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. अंजनगावची एक मोटार तापली.”

“मंग पाह्य ना ते पयले. जळन ना ते.” ते थांबले. मी वाट पाहत होते, आता नेहमीसारखा फोन बंद होईल म्हणून. तो झाला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, मला विचारलं, “ठेवू का?”

मी म्हणाले, “ठेवा.”